बोगस म्हटलेला पेन ड्राइव्ह

तो पेन ड्राइव्ह अजून माझ्याकडे आहे. लाल रंगाचा, आठ जीबीचा, टोपण हरवलेला. त्याच्यावरून मी पुढे कितीतरी मशीनवर लिनक्स टाकलं, त्यानं एकदाही दगा दिला नाही. ज्यानं तो मला दिला तो माझा मित्र होता, आणि तो मित्र मी याच पेन ड्राइव्हच्या पायी घालवला. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी तुटतं का? तुटतं. मी तोडून दाखवलं आहे.

तेव्हा मी अमरावतीत एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायचो. तासिका तत्त्व म्हणजे शाळेत सगळ्यांच्या आधी यायचं, चहा सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा आणि उन्हाळ्यात आपण नोकरीत आहोत की नाही हे कुणाला विचारायचं नाही. शाळेला कुणीतरी एक छोटा लॅपटॉप देणगीत दिला होता. वहीएवढा, दहा इंचांचा. चालू केला की निळा पडदा यायचा आणि आपोआप बंद पडायचा. देणगी देणाऱ्यानं हार घालून घेतला, फोटो काढून घेतला आणि तो गेला. मुख्याध्यापक म्हणाले, ठेवून द्या कपाटात. विषय तिथेच मिटला असता. पण मला स्टाफरूममध्ये कुणी विचारत नव्हतं, आणि विचारावं असं फार वाटत होतं. मी म्हणालो, "सर, याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. फुकट असतं. सोमवारी चालू करून दाखवतो."

गणिताच्या सरांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "फुकटचं टिकते काय?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसानं हसायचं असतं. पण आतून मी पेटलो होतो. आता ते लिनक्स चालायलाच हवं होतं.

पेन ड्राइव्ह घ्यायला मी अकोल्याला गेलो. अमरावतीत दुकानं नव्हती असं नाही. पण मित्राचं दुकान अकोल्यात होतं. पॉलिटेक्निकला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली होती. त्याचे वडील, म्हणजे चाचा, घड्याळं दुरुस्त करायचे. हातातली घड्याळं मोबाइलनं मारली तेव्हा त्यानं चाचांच्या दुकानाचं अर्धं काउंटर घेतलं आणि तिथे मोबाइल दुरुस्ती, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह असा धंदा मांडला. उरलेल्या अर्ध्या काउंटरवर चाचा डोळ्याला भिंग लावून बसायचे. मी गेलो की विचारायचे, "वालिद कैसे हैं?" आणि उत्तर येण्याच्या आत समोरच्या टपरीवर हात करून चहा मागवायचे.

त्या तीन वर्षांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही एका खानावळीत जेवायचो. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. एकदा मी माठातून पाणी घेतलं, तर शेजारच्या ताटावरचा एक जण त्याच्या सोबत्याला म्हणाला, "या लोकांचं असंच असते." मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, आणि मला भांडता येणार नाही एवढ्या हळू. असल्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आयुष्यभर फुटलेला नाही. मी खाली बघून भात कालवत राहिलो. माझा मित्र मात्र ताटावरून उठला, त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "या लोकांचं म्हंजे कोनाचं? नाव घेऊन बोल."

तो माणूस म्हणाला, "तुले काय करा लागते?"

"मले करा लागते," मित्र म्हणाला. मग त्यानं हात धुतले आणि मला म्हणाला, "चाल बे." महिना नुकताच सुरू झाला होता. त्या खानावळीत आम्ही परत पाय ठेवला नाही. महिनाभर खोलीवर स्टोव्हवर खिचडी केली, जी त्याला येत नव्हती आणि मलाही येत नव्हती. त्या प्रसंगाबद्दल तो पुन्हा एका अक्षरानं बोलला नाही. मीही त्याचे आभार मानले नाहीत, मित्राचे काय आभार मानायचे म्हणून.

तर त्या दिवशी त्यानं काचेखालून लाल पेन ड्राइव्ह काढून दिला. मी बिल मागितलं तर म्हणाला, "घरचं दुकान आहे बे, बिल कायचं मांगतं?"

अमरावतीला येऊन मी सायबर कॅफेत बसून लिनक्सची फाइल उतरवली आणि त्या पेन ड्राइव्हवर लिहिली. ती नुसती कॉपी करून चालत नाही. एका वेगळ्या प्रोग्रामनं अख्खी इमेज, म्हणजे मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत, त्याच्यावर लिहावी लागते, तेव्हा कुठे मशीन त्याच्यावरून चालू होतं. हे मला येत होतं आणि ते येतं याचा मला तोरा होता. सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून चालू करायचं त्याची यादी, उघडला. त्या मेनूत पेन ड्राइव्हचं नावच नव्हतं. दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावला. नाही. सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. नाही. फास्ट बूट बंद केलं. नाही. लॅबमधल्या मशीनला लावून बघावा, तर लोडशेडिंगमुळे लॅब दुपारी चारपर्यंत मेलेलीच असायची. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्याची बॅटरीही माझ्यासोबत उतरत होती.

"फुकटचं टिकत नाई," गणिताचे सर म्हणाले. या वेळी त्यांनी पेपरही बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी तडक कॅफेत गेलो, पेन ड्राइव्ह तिथल्या विंडोजला लावला आणि बघतो तर त्याची साइज अडीच एमबी दाखवत होता. वर छापलं होतं आठ जीबी आणि आत अडीच एमबी. पुन्हा लावला, पुन्हा अडीच. मशीन त्याच्यावरून चालू होतं का ते बघायला रीस्टार्ट करावं लागलं असतं, पण कॅफेवाला ते करू द्यायचा नाही, त्याच्या तासांचं मीटर बिघडायचं. आणि मला आता रीस्टार्ट करून काही बघायचंच नव्हतं. मला उत्तर सापडलं होतं. बोगस.

हा शब्द आमच्या भागात त्या वर्षांत हवेत होता. वलगावला आमचं थोडं कोरडवाहू वावर आहे. एका वर्षी बाबांनी सोयाबीन पेरलं. पिशवी सीलबंद, वर प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी, कंपनीचं नाव, सगळं. पाऊस वेळेवर झाला तरी अर्धं वावर टकलं राहिलं. तक्रार केली तर कृषी खात्याचे साहेब बांधावर आले आणि म्हणाले, पिशवी दाखवा, चिठ्ठी दाखवा, बिल दाखवा, उरलेलं बियाणं दाखवा. पिशवी आईनं पाय पुसायला टाकली होती. चिठ्ठी कुठे गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब गेले. तेव्हापासून बाबा प्रत्येक पिशवी, प्रत्येक चिठ्ठी आणि मूठभर बियाणं पीक घरात येईपर्यंत पत्र्याच्या पेटीत ठेवतात. गावात सगळ्यांच्याच घरी असं काही ना काही झालेलं. त्यामुळे खत बोगस, औषध बोगस, दुधात घातलेलं पाणीसुद्धा बोगस. आमच्या घरी जयभीमनंतर हाच शब्द यायचा. कुठे काही अडलं की आधी विकणाऱ्याची मान धरायची, ही आम्हाला सवयच लागली.

पहिल्या सुट्टीला मी अकोल्याची गाडी पकडली. दुपारची वेळ, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी. चाचा भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं घालून बसलेले. मित्रानं मला पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "आला का बे? चालू झालं का तुझं लिनक्स?"

मी पेन ड्राइव्ह काचेवर टाकला. ठेवला नाही, टाकला. "बोगस माल विकतो का बे?"

तो हसला. त्याला वाटलं मस्करी करतोय. "काय झालं?"

"आठ जीबी लिहून हाय. अडीच एमबी निंघाला. लाव तुझ्या मशीनले, दाखव या लोकाईले."

त्यानं लावला. अडीच एमबी. गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली. तो म्हणाला, "अबे, तू याच्यावर इमेज लिहिली ना? लिहिल्यावर विंडोजमधी असंच दिसते. फॉर्मॅट केलं का पूर्न जागा वापस येते. दुसऱ्या मशीनवर लावून पाह्यला काय?"

तो बरोबर बोलत होता. मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस, मला ते एका सेकंदात कळायला हवं होतं. पण मला गणिताच्या सरांचं तोंड दिसत होतं. मी आवाज चढवला. "मले नको शिकवू. सगळ्या शाळेसमोर माझी इज्जत गेली. ओळखीच्या मानसाले फसवतं तं बाकीच्याईले काय करत असशील?"

एका गिऱ्हाइकानं हातातलं मेमरी कार्डाचं पाकीट परत काचेवर ठेवलं. त्याच्या मागे उभा असलेला, कपाळावर गंध असलेला एक माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या सर. या लोकांचं असंच असते."

त्यानं मला सर म्हटलं. माझ्या बाजूनं बोलला. जे वाक्य खानावळीत माझ्या पाठीवर आलं होतं तेच या वेळी माझ्या मदतीला आलं.

मित्रानं त्या माणसाकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि तेही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. मी खाली बघून ती लावायला घेतली. चेन अडकत होती. मी ती मागे घेतली, पुन्हा ओढली, आणि ती लागेपर्यंत मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा त्यानं काचेखालून दुसरा पेन ड्राइव्ह काढून लाल पेन ड्राइव्हच्या शेजारी ठेवला होता. "दोन्ही घेऊन जाय," तो म्हणाला. आवाज साधा होता. मी दोन्ही उचलले आणि निघालो. त्या दिवशी चहा आला नाही.

एक कबूल करतो. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मला बरं वाटत होतं. आपण ऐकून घेतलं नाही, आपण बोललो, याचं एक सुख असतं. ज्याला एरवी बोलता येत नाही त्याला तर ते फारच गोड लागतं. मूर्तिजापूरच्या पुढे ते उतरलं.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मी पुन्हा तीच इमेज लिहिली. लॅपटॉपनं त्यालाही ओळखलं नाही. कॅफेत लावून बघितला, अडीच एमबी. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच शंका आली.

रविवारी वलगावला गेलो. पेरणी तोंडावर होती. बाबा अंगणात ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडत होते. शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, ओलं ठेवायचं आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. त्या फसलेल्या वर्षी नेमकं हेच त्यांनी केलं नव्हतं. निळी चिठ्ठी आहे, आता काय तपासायचं, असं त्यांना वाटलं होतं.

"काहून तोंड पाडून बसला?" त्यांनी विचारलं.

त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तरी मी सांगितलं. एक पेन ड्राइव्ह चालला नाही, म्हणून दुसरा आणला, तोही तसाच निघाला. अकोल्याच्या दुकानातलं जे झालं ते मात्र सांगितलं नाही.

बाबा ओळ मांडता मांडता म्हणाले, "एक बियानं नाई उगवलं तं बियानं पाहा. दुसरंबी तसंच नाई उगवलं तं मंग वावर पाहा लागते. दुसऱ्याच्या वावरात टाकून पाह्यलं का?"

"नाई."

"मंग बोगस कोनं ठरवलं?"

मी म्हणालो, "मीच, बाबा." त्यांनी गोणपाट गुंडाळलं आणि आईला पाणी शिंपडायला सांगितलं.

सोमवारी सकाळी वीज होती तेवढ्यात लॅब उघडली आणि लाल पेन ड्राइव्ह पहिल्याच मशीनला लावला. मशीन एका दमात त्याच्यावरून चालू झालं. स्क्रीनवर लिनक्स आलं, स्वच्छ, रंगीत, कुठे अडखळलं नाही. मी स्टुलावर बसलो आणि बराच वेळ माउस हलवत राहिलो.

मग दोन दिवस इंटरनेटवर शोधलं. दोष लॅपटॉपच्या जातीत होता. त्याचा प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, पण चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा त्याचा बायोस बत्तीस बिटांचा. त्याला पेन ड्राइव्हवर त्याच्या जातीची एक छोटी फाइल लागते. ती दिसली नाही तर तो पेन ड्राइव्ह लावलाच नाही असं समजतो. मी उतरवलेल्या इमेजमध्ये ती फाइल नव्हती. उपाय सोपा होता. पेन ड्राइव्ह फॉर्मॅट करायचा, सगळ्या फाइली साध्या कॉपी करायच्या आणि बूटच्या फोल्डरमध्ये ती एक फाइल टाकायची. फॉर्मॅट केला तर लाल पेन ड्राइव्हनं पूर्ण जागा दाखवली. मित्र म्हणाला होता तस्सं. फाइल टाकली, लॅपटॉपला लावला, बूट मेनूत त्याचं नाव आलं. दुपारपर्यंत लिनक्स बसलं.

मुख्याध्यापक "छान" म्हणाले. गणिताच्या सरांनी विचारलं की याच्यावर शेअर बाजार दिसतो का. मग लॅपटॉप कपाटात ठेवण्यात आला, बक्षिसाच्या ढाली आणि झेंड्याच्या दोरीशेजारी, आणि मी शाळा सोडेपर्यंत तो कुणी बाहेर काढला नाही. ज्या इज्जतीसाठी मी अकोल्यात तमाशा केला, ती ही.

त्याच दिवशी अकोल्याला जायला हवं होतं. नाही गेलो. फोनमध्ये त्याचं नाव काढायचो आणि परत बंद करायचो. पेन ड्राइव्हबद्दल माफी मागणं जमलं असतं. चुकलो, घाईत बोललो, कान पकडतो, एवढं म्हटलं की तो शिवी देऊन मोकळा झाला असता. पण त्या गंधवाल्या माणसाचं वाक्य मध्ये पडलं होतं आणि ते ओलांडून कसं जायचं हे मला कळत नव्हतं. वाट बघता बघता सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. मग एक दिवस दुसरा पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघालो. तो परत करायचा, म्हणजे बोलायला निमित्त होईल.

दुकान तेच होतं, पण त्याच्या मशीनचा पडदा आता गिऱ्हाइकाकडे वळवलेला होता. काचेवर त्याच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला: माल समोर तपासून घ्यावा. एक बाई मेमरी कार्ड घेत होत्या. त्यानं कार्ड मशीनला लावलं, पूर्ण भरलं, त्यातली एक फाइल उघडून दाखवली, सगळं पुसलं आणि मगच त्यांच्या हातात दिलं. एवढं होईस्तोवर मागची दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. त्यानं त्यांना थांबवलं नाही. चाचा भिंग लावून बसलेले होते. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि विचारलं, "वालिद कैसे हैं?" मी म्हणालो, "ठीक हैं चाचा." त्यांनी टपरीकडे हात केला.

मी पेन ड्राइव्ह काचेवर ठेवला. या वेळी ठेवला. "हा तुझा. दोन्ही चांगले होते. लॅपटॉपचा दोष होता. माझी चूक झाली."

त्यानं तो उचलला, मशीनला लावला आणि इतर गिऱ्हाइकांसारखाच माझ्यासमोर पूर्ण भरला. आम्ही दोघं पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत उभे राहिलो. ती भरली, त्यानं पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्याकडे सरकवला. "चांगला आहे. ठेव तुझ्याजवळ. विकलेला माल मी वापस घेत नाई."

"अबे, मी बोललो ना चूक झाली. पेन ड्राइव्ह बोगस नव्हता."

"ते मले त्याच दिवशी मालूम होतं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तो मानूस बोलला तवा तू काय करून राह्यला होता?"

सांगायला पुष्कळ काही होतं. ऐकूच आलं नाही म्हणता आलं असतं. रागात होतो म्हणता आलं असतं. निदान त्याच्याशी तरी मला खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, "बॅगची चेन लावून राह्यलो होतो."

"हो," तो म्हणाला. "मले दिसलं."

मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय पाहिजे म्हणून. मी बाजूला सरकलो. चाचांनी मागवलेला चहा आला. मी तो उभ्याउभ्या प्यायलो आणि पेला टपरीवर नेऊन ठेवला.